शिवणयंत्र आणि उमेदवारी

सुई हे मनुष्याचे फार जुने हत्यार आहे. कातड्यास कातडे आणि कापडास कापड जोडणारी ही बारीकशी वस्तू हाती नसती, तर थंड प्रदेशांत वस्ती करणे मनुष्यास मोठे कठीण गेले असते. हजारो वर्षे तिचे स्वरूप फारसे पालटले नाही. एका टोकास अणकुचीदार अग्र, दुसऱ्या टोकास नेढे, आणि ती चालविण्यास एक शिकलेला हात, एवढ्या सामग्रीवर साऱ्या जगाचे शिवणकाम चालत आले. एकोणिसाव्या शतकात यंत्रात बसविलेल्या सुईचे नेढे वरच्या टोकाकडून खाली अग्रापाशी आले, आणि ह्या एका फेरबदलाने शिंप्याचा धंदा मुळापासून हालला. ही कथा सांगणारे बहुधा यंत्र शोधून काढणाऱ्यांची चरित्रे सांगतात. परंतु तीच कथा दुसऱ्या एका माणसाच्या बाजूने पाहण्यासारखी आहे. तो माणूस म्हणजे धंदा शिकावयास आलेला उमेदवार होय. यंत्रामुळे कपडे लवकर शिवून निघू लागले, हे तर उघडच आहे. पण शिकणाऱ्याचे काय झाले?

जुन्या काळची उमेदवारी हा एक करार असे. इंग्लंडात १५६३ साली एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने धंदा शिकण्याची मुदत निदान सात वर्षांची ठरविली होती. करारनामा एकाच कागदावर दोनदा लिहीत, तो मधोमध नागमोडी कापीत, आणि एक तुकडा मालकाजवळ व दुसरा मुलाच्या बापाजवळ राही. तंटा पडल्यास दोन्ही कडा जुळवून पाहावयाच्या. मुलाने जुगार खेळू नये, दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, मुदत संपेपर्यंत लग्न करू नये; मालकाने त्यास अन्नवस्त्र व राहावयास जागा द्यावी, आणि आपली विद्या काही हातचे न राखता शिकवावी, अशी कलमे त्यात असत. पहिली एक-दोन वर्षे मुलाच्या वाट्यास झाडलोट, निरोप पोचविणे आणि इस्त्रीसाठी विस्तव पेटविणे एवढेच येई. मग मांडी घालून फळीवर बसणे, अंगुस्तान चढविलेले बोट वाकवून धरण्याची सवय करणे, धावदोरा, बखया, हातशिलाई, काज, अस्तर, अशी एकेक पायरी तो चढे. बेतणी सर्वांच्या शेवटी. कारण कात्री ज्याच्या हाती, तोच खरा उस्ताद. ह्या सात वर्षांत मालक मुलाकडून पुष्कळ फुकट राबवून घेई, हे खरे. परंतु मुदत संपली म्हणजे त्या तरुणास अंगास माप लावण्यापासून शेवटची गुंडी टाचण्यापर्यंत संपूर्ण कपडा करता येत असे, आणि ती विद्या त्याच्यापासून कोणासही हिरावून घेता येत नसे. वर्षे द्यावयाची आणि पुरता धंदा घ्यावयाचा, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार यंत्राने मोडला असे सामान्यतः समजतात. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. सात वर्षांची सक्ती पार्लमेंटाने १८१४ सालीच काढून टाकली होती. त्यानंतर लंडनमध्ये तयार कपड्यांची स्वस्त दुकाने वाढू लागली. कापड दुकानातच बेतावयाचे आणि शिवण्यास गरीब कुटुंबांच्या घरोघर वाटावयाचे, अशी ह्या दुकानांची रीत होती. १८३४ साली लंडनच्या शिंप्यांनी मोठा संप केला. तो फसला, आणि ह्या घाऊक धंद्याचे बळ आणखी वाढले. हेन्री मेह्यू ह्या पत्रकाराने १८४९ व १८५० साली शिंप्यांच्या बिऱ्हाडांत हिंडून त्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या, तेव्हा धंद्याचे दोन भाग पडले आहेत असे त्यास आढळले. एक भाग प्रतिष्ठितांचा, तर दुसरा हलक्या मजुरीवर रात्रंदिवस राबणाऱ्यांचा. टॉमस हूड ह्याची सदरा शिवणाऱ्या बाईवरील सुप्रसिद्ध कविता १८४३ सालची. त्याच वर्षी लँबेथमधील एका विधवेस, मालकाचे कापड गहाण टाकल्याबद्दल, न्यायालयापुढे उभे केले होते. तिला एका विजारीची शिलाई सात पेन्स मिळे. त्या बाईच्या हाती साधी सुई होती, यंत्र नव्हते. कामाचे तुकडे करून ते अर्धवट शिकलेल्या हातांस वाटून देण्याची युक्ती यंत्राहून जुनी आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यंत्राने त्या युक्तीला वेग दिला.

यंत्राचा जन्म मात्र कारागिरांच्याच घरी झाला. बार्थेलेमी तिमोनिए हा फ्रान्सातील शिंपी १७९३ साली जन्मला. त्याने साखळी टाका घालणारे यंत्र बनवून १८३० साली त्याचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये लष्करी गणवेश शिवण्यासाठी सुमारे ८० यंत्रांचा कारखाना उभा राहिला. १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांचा जमाव त्या कारखान्यात शिरला व त्याने यंत्रांचा चुराडा केला. तिमोनिए १८५७ साली दारिद्र्यात मरण पावला. त्या शिंप्यांस अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याने ऐन उमेदीची वर्षे खर्चून हात तयार केला, त्याच्यापुढे ८० लाकडी यंत्रे मांडली म्हणजे आपले भांडवलच कोणी लुटले असे त्यास वाटावे, ह्यात नवल ते काय? न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट ह्याने १८३४ च्या सुमारास दोन दोऱ्यांचा घट्ट टाका घालणारे यंत्र रचले. परंतु त्याने पेटंट घेतले नाही. शिवणकामावर जगणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल, ह्या भीतीने तो थांबला असे सांगतात.

पुढे ज्या दोघांची नावे जगभर झाली, ते दोघेही कधीकाळी उमेदवारच होते. इलायस हाउ हा १८१९ साली मॅसॅच्युसेट्स प्रांतात जन्मला. तो पायाने अधू होता. १८३५ साली तो लोवेल येथे कापडगिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवार राहिला, आणि १८३७ च्या मंदीत ते काम सुटल्यावर बॉस्टनकडे एका कुशल यंत्रकाराच्या हाताखाली लागला. १८४५ साली बॉस्टनच्या क्विन्सी हॉल येथील कपड्यांच्या कारखान्यात त्याने आपले यंत्र पाच चपळ शिवणाऱ्या मुलींविरुद्ध चालवून दाखविले. प्रत्येक मुलीस एक शिवण, आणि एकट्या यंत्रास पाच. तरी यंत्र आधी मोकळे झाले. १८४६ साली त्यास पेटंट मिळाले, तथापि यंत्र महाग म्हणून गिऱ्हाईक मिळाले नाही. आयझॅक सिंगर ह्यानेही तरुणपणी यंत्रकाराकडे उमेदवारी केली होती. १८५१ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या यंत्रात सुई सरळ खालीवर होई आणि कापड आडव्या पाटावर दाबून धरले जाई. पुढे ते पायाने चालविता येऊ लागले, आणि शिवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहिले. हाउने सिंगरवर फिर्याद केली व ती जिंकली. पुढे १८५६ साली मोठ्या कारखानदारांनी आपापली पेटंटे एकत्र केली, आणि त्याच वर्षी सिंगर कंपनीने हप्तेबंदीने यंत्रे विकण्यास प्रारंभ केला.

यंत्राने वेळेची बचत किती झाली, ह्याचा एक तक्ता व्हीलर आणि विल्सन ह्या शिवणयंत्रांच्या कंपनीने १८६० च्या सुमारास छापला होता. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवावयास १४ तास २६ मिनिटे लागत. यंत्राने १ तास १६ मिनिटे. लांब कोटास हाताने १६ तास ३५ मिनिटे, यंत्राने २ तास ३८ मिनिटे. आकडे विक्रेत्याचे आहेत, हे लक्षात घेऊन त्यांत थोडी काटछाट केली तरी बचत प्रचंड होती. शिवण इतकी जलद झाल्यावर बेतणी मागे पडून कसे चालेल? इंग्लंडात लीड्स येथील जॉन बॅरन ह्या कपडे-कारखानदाराने लाकूड कापणाऱ्या पट्टीकरवतीवरून कल्पना घेऊन १८५८ च्या सुमारास कापडाचे अनेक थर एकदम कापणारा पट्टीसुरा प्रचारात आणला. अमेरिकेतील यादवी युद्धात लक्षावधी सैनिकांचे गणवेश लागले, आणि ठराविक मापांचे कपडे घाऊक शिवण्याची पद्धत दृढ झाली. आता एका माणसाने सबंध सदरा शिवण्याचे कारण उरले नाही. एकाने कॉलर, दुसऱ्याने बाही, तिसऱ्याने कफ, चौथ्याने खिसा, आणि काज-गुंड्या निराळ्याच कोणी कराव्यात, अशी वाटणी झाली. धंद्याचेच असे भाग पडल्यावर उमेदवारीचेही भाग पडणार, हे ओघानेच आले.

तथापि यंत्रावर शिकावयाचे असे काही नाही, हा समजही चुकीचा आहे. कारखान्यातील शक्तीवर चालणारे यंत्र घरच्या यंत्रासारखे गरीब नसते. जुन्या कारखान्यांत लांबलचक मेजाखालून एक फिरता दांडा जाई, आणि त्यावरून पट्ट्याने प्रत्येक यंत्रास गती मिळे. पायाखालची पट्टी किंचित दाबली की यंत्र जणू उधळते. म्हणून पहिली विद्या सुरू करण्याची नसून थांबविण्याची असते. नवख्यास बहुधा दोरा न ओवताच कागदावर आखलेल्या रेघांवरून यंत्र चालवावयास देतात. सरळ रेघ, मग काटकोन, मग गोलाई. कोपऱ्याशी सुई खाली असतानाच थांबावयाचे, पाय उचलून कागद फिरवावयाचा आणि पुन्हा चालू करावयाचे. ते साधले म्हणजे कापड. कापड ओढावयाचे नाही, ढकलावयाचेही नाही. त्यास केवळ वाट दाखवावयाची. वरचा दोरा सैल असला तर टाका खालच्या बाजूस फुगतो, आणि ताठ असला तर खालचा दोरा वर ओढला जातो. हे बोटांस व डोळ्यांस कळू लागले पाहिजे. जाड कापडास कोणती सुई, मऊ कापडास कोणती, तेल कोठे व किती सोडावयाचे, सुई बोथट झाल्याचा आवाज कसा येतो, हे सारे अंगवळणी पडावे लागते. क्षणभर लक्ष चळले तर सुई बोटातून आरपार जाते. ही विद्या खरी आहे, आणि ती शिकलेल्याचा हात पाहणाऱ्यास लगेच ओळखू येतो. प्रश्न विद्या आहे की नाही, हा नव्हताच. ती केवढी दिली जाते आणि तिच्या नावावर शिकणाऱ्याकडून काय घेतले जाते, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर न्यूयॉर्क शहराच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पूर्व युरोपातून व इटलीतून आलेल्या लक्षावधी कुटुंबांतील मुली विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कपड्यांच्या कारखान्यांत शिरल्या. रोझ श्नायडरमन ही त्यांच्यापैकीच एक. १८९८ साली वयाच्या सोळाव्या वर्षी ती टोप्यांच्या कारखान्यात अस्तर शिवण्याचे काम शिकू लागली. सुमारे दोन महिन्यांत आपण ते काम शिकलो आणि इतरांइतके कमवू लागलो, असे तिने १९०५ साली लिहून ठेवले आहे. सात वर्षांच्या ठिकाणी दोन महिने! ह्यात मुलींचा लाभ नव्हता असे नाही. परक्या देशात आलेल्या गरीब कुटुंबास दोन महिन्यांत मिळवती मुलगी म्हणजे आधारच. परंतु तेथे यंत्र मुलींनी स्वतःच्या पैशाने विकत घ्यावयाचे असे. पुढे त्या कारखान्यास आग लागून सुमारे १५० यंत्रे जळाली. मालकांस विम्याची रक्कम मिळाल्याचे तिच्या कानी आले. यंत्रांचे हप्ते फेडलेल्या मुलींना मात्र एक छदामही मिळाला नाही.

स्त्रियांचे झंपर शिवणाऱ्या कारखान्यांत ‘शिकाऊ’ हा एक स्वतंत्र वर्गच झाला होता. काम ठेक्याने घेणारा मुकादम आपल्या हाताखाली पाच-सात मुली ठेवी आणि त्यांस आठवड्यास तीन-चार डॉलर देई. सुया, दोरा, एवढेच नव्हे तर यंत्रास लागणारी वीज, ह्यांचेही पैसे पुष्कळ ठिकाणी मजुरीतून कापून घेत. पॉलिन न्यूमन ही पुढे कामगार-चळवळीत नावाजलेली बाई लहानपणी ट्रायँगल कंपनीच्या कारखान्यात कामाला होती. तिचे काम झंपरांवरील दोऱ्यांची टोके कातरण्याचे. सरकारी तपासनीस आले की लहान मुलांना खोक्यांत बसवून वरून झंपरांनी झाकून टाकीत, अशी आठवण तिने सांगितली आहे. शिकण्याच्या वयातील मुलीने शिकावयाच्या जागी लपून बसावे, ह्याहून उमेदवारीची निराळी विटंबना ती कोणती? करारातील मुलाची बाजू जशीच्या तशी राहिली, मालकाची बाजू मात्र नाहीशी झाली. वेतन शिकाऊचे, आणि शिकवणूक मात्र एका शिवणीपुरती.

ह्या स्थितीवर दोन बाजूंनी उपाय सुरू झाले. पहिला शाळेचा. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन ट्रेड स्कूल ही मुलींची धंदेशिक्षणाची शाळा निघाली. मेरी वूलमन ह्या विदुषी तिच्या संचालिका होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात जाणाऱ्या मुलीस तेथे कोणी शिकवीत नाही, हे ओळखून ही संस्था काढली होती. तेथे विजेच्या यंत्रावरील शिवण शिकवीत. बाहेरची खरीखुरी कामे घेऊन ती मुलींकडून करवून घेत. आणि त्याबरोबर हिशेब, भाषा व आरोग्य ह्यांचे पाठही असत. जे मालकाने द्यावयाचे सोडून दिले, ते समाजाने द्यावे, ही त्यामागील दृष्टी. १९१० साली नगराच्या शिक्षणखात्याने ही शाळा आपल्याकडे घेतली.

दुसरा उपाय संघटनेचा. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन सभागृहात कामगारांची सभा भरली. पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालली असता क्लारा लेम्लिख ही तरुण कामगार मुलगी उठली आणि आता बोलणे पुरे, सार्वत्रिक संप करावा, असे तिने सुचविले. वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. त्यांत बहुसंख्य तरुण मुलीच होत्या. फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला तेव्हा अनेक कारखान्यांनी आठवड्याचे ५२ तास मान्य केले आणि सुया व वीज ह्यांचे पैसे कापणे सोडले. ट्रायँगल कंपनीने मात्र संघास मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ रोजी तिच्या आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरील एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ माणसे मेली; त्यांत बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली. मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. परंतु प्रांताने चौकशीसमिती नेमली आणि पुढील काही वर्षांत कारखान्यांतील सुरक्षिततेविषयी तीसांहून अधिक कायदे झाले.

आपल्याकडे ह्या कथेने थोडे निराळे वळण घेतले. सिंगर कंपनीच्या हिंदुस्थानातील व्यापाराची सूत्रे दीर्घकाळ मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल ह्या पारशी गृहस्थांकडे होती. येथे यंत्र मोठ्या कारखान्यांपेक्षा आधी शिंप्याच्या लहान दुकानात आणि मध्यम स्थितीच्या घरांत शिरले. दुकान लहान राहिल्यामुळे उमेदवारीही टिकली. पोऱ्या काज-गुंड्या करीत, हातशिलाई घालीत वाढे, आणि उस्तादाची मर्जी बसली तर एके दिवशी कात्री हाती येई. १८५० साली झालेल्या उमेदवारांच्या कायद्यात दहा ते अठरा वर्षांच्या मुलांस धंदा शिकण्यासाठी करारबद्ध करण्याची सोय होती. त्यातही कमाल मुदत सात वर्षांचीच होती. न्यूयॉर्कच्या मुलींनी संप केला त्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, पुण्यात रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ज्या विधवांस व परित्यक्तांस घराबाहेर मान नव्हता, त्यांस तेथे इतर शिक्षणाबरोबर शिवणही शिकवीत. तेथे शिवण म्हणजे स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन होते. स्वतंत्र भारतात १९६१ साली उमेदवारीचा नवा कायदा झाला व त्याने १८५० चा कायदा रद्द केला. उमेदवारास विद्यावेतन दिले पाहिजे आणि ठरलेले शिक्षणही दिले पाहिजे, अशी दुहेरी जबाबदारी त्याने मालकावर घातली. करारातील हरवलेली बाजू पुन्हा कागदावर आली.

कागदावरून ती कारखान्यात किती उतरली, हे मात्र प्रत्येक ठिकाणी निरखून पाहावे लागते. आजचे कारखान्यातील यंत्र मिनिटास चार-पाच हजार टाके घालते. रांगेत बसलेली मुलगी काही आठवड्यांत एक शिवण शिकते आणि दिवसभर तीच घालते. ढाक्याजवळील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा न्यूयॉर्कच्या आगीस शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती.

सात वर्षांची उमेदवारी पुन्हा आणावी, असे कोणी म्हणणार नाही. तीत फुकट राबणूक पुष्कळ होती, आणि बहुतेक धंद्यांत मुलींस तर प्रवेशही क्वचितच मिळे. यंत्राने सदऱ्यामागे तेरा तास वाचविले, ही मनुष्यजातीवरील मोठीच कृपा होय. पण ते तेरा तास कोणाच्या पदरात पडले, हा हिशेब इतिहासाने विचारलाच पाहिजे. कापड स्वस्त झाले, तेव्हा काही तास गिऱ्हाइकास मिळाले. नफा वाढला, तेव्हा काही मालकास मिळाले. शिकणाऱ्यास त्यांतील वाटा आपोआप कोठेही मिळाला नाही. जेथे शाळा निघाली, संघ झाला किंवा कायदा झाला, तेथेच तो मिळाला. हा वाटा म्हणजे निव्वळ पैसा नव्हे. बाही शिवणाऱ्या मुलीस कॉलर शिकण्याची संधी मिळावी, कॉलर शिवणारीस कधीतरी बेतणीच्या मेजापाशी उभे राहता यावे, आणि उद्या हा कारखाना बंद झाला तरी आपल्या हाताबरोबर सबंध कपड्याचे ज्ञान घरी नेता यावे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या करारनाम्यात ‘काही हातचे न राखता शिकवावे’ असे कलम असे. सात वर्षे गेली ती गेली. हे कलम मात्र जाऊ देण्याचे कारण नाही.